पाहुण्या मुलांपुढची साक्ष

पलंगावरच्या मोठ्या चादरी एकट्या माणसाला पिळता येत नाहीत. एक टोक एकाने धरायचं, दुसरं दुसऱ्याने, आणि दोघांनी उलट बाजूंना पीळ देत जायचं. अतिथीगृहाच्या मागच्या ओट्यावर मावशी अशाच चादरींपाशी उभी होती. अर्ध्या पिळून दोरीवर गेल्या होत्या, अर्ध्या अजून बादलीत बुडलेल्या. दुसरं टोक धरायला दरवर्षी तिचा नवरा असायचा. आज तो "गाडीचं ऑईल बघून येतो" म्हणून गेला तो गेलाच. म्हणून ते टोक पाहुण्या मुलांपैकी एका मुलीने धरलं होतं. तिच्या पाठीवर जाड वेणी होती, म्हणून मावशी तिला मनातल्या मनात वेणीवाली म्हणायची.

"अगं, माझ्याच बाजूला फिरवतेस, मग पीळ बसणार कसा? उलटं, उलटं!"

मुलीला शब्द कळले नाहीत, हात कळला. तिने उलटा पीळ दिला आणि पाणी धो धो दोघींच्या पायांवर पडलं. मुलगी खळखळून हसली. मावशीही हसली, पण ते हसू ओठांच्या आत गेलं नाही. तिचे कान गॅरेजकडे लागले होते.

परदेशातल्या एका ख्रिस्ती शाळेची ही वरच्या वर्गातली मुलं. दरवर्षी सुट्टी लागली की त्यांची एक तुकडी सेवा करायला मिशनच्या आवारात येऊन राहायची. शाळेच्या भिंती रंगवायच्या, लहान मुलांना गाणी शिकवायची, दवाखान्यातली खोकी लावून द्यायची आणि विहिरीच्या लोखंडी कठड्याला रंग द्यायचा. त्या कठड्यावर आता इतके थर चढले होते की आत लोखंड शिल्लक आहे की नुसता रंगच उभा आहे, अशी माळीबुवांना शंका यायची. पण मुलं मनापासून राबायची, उन्हाने लालबुंद व्हायची आणि जाताना हमसून हमसून रडायची. मावशी त्यांची स्वयंपाकीण. मीठ जास्त पडलं तरी अंगठा वर करणाऱ्या आणि आपलं ताट आपण घासणाऱ्या मुलांवर कोणाचा जीव जडणार नाही?

आज त्यांचा शेवटचा दिवस होता. दुपारी निरोपाची उपासना, आणि उद्या सकाळी मिशनच्या बसने घाट उतरून विमानतळ. बस चालवणार मावशीचा नवरा.

चादर दोरीवर टाकल्यावर मुलीने ओले हात कपड्यांना पुसले आणि खिशातून फोन काढला. ती फोनशी आपल्या भाषेत बोलली आणि फोन मावशीच्या भाषेत बोलू लागला, अगदी स्टेशनवरच्या बाईसारखा.

"आज मी तुमची साक्ष ऐकणार आहे. माझा भाऊ मागे इथे आला होता. त्याने घरी सांगितले. माझे वडील दारू पितात. मी तुमची गोष्ट ऐकायलाच आले आहे."

मावशीने मान डोलावली. दुसरं काय करणार? तिने बादलीतली पुढची चादर उचलली, तर ती हातातून सुटून परत पाण्यात पडली.

देवाने आपल्यासाठी काय केलं ते मंडळीपुढे उभं राहून सांगणं म्हणजे साक्ष. मावशीची साक्ष दरवर्षी ठरलेली. तिचा नवरा पूर्वी अट्टल पिणारा होता. ट्रकची नोकरी त्यापायीच गेली होती. मुलांची पहिली तुकडी आली त्या वर्षी तो एकदा भरदुपारी झिंगत विहिरीपाशी पोचला. कठडा रंगवणारी मुलं पळाली नाहीत. ब्रश खाली ठेवून त्याच्याभोवती गोल करून उभी राहिली आणि प्रार्थना करू लागली. त्याच्या मनात काय आलं ते देव जाणे, त्याने खिशातली बाटली काढून विहिरीत भिरकावली आणि पुन्हा थेंबाला शिवला नाही. हे सगळं खरं होतं. विहीर पिण्याच्या पाण्याची, म्हणून माळीबुवांनी शिव्या घालत गळ टाकून ती बाटली लगोलग वर काढली होती, तेही खरं, पण तेवढा भाग साक्षीत नसायचा.

मग मिशनने त्याला बस दिली, तिला स्वयंपाकघर दिलं आणि दोघांना मिळून गॅरेजमागची दोन खोल्यांची जागा दिली. विहिरीपाशी हातात हात घेतलेला दोघांचा फोटो परदेशात कुठे कुठे पोचला. लग्नाचा फोटो काढायला जमलं नव्हतं, त्याची भरपाईच झाली म्हणायची. मिशनच्या देवळाचे धर्मगुरू म्हणजे पाळकसाहेब. त्यांची बायको, सगळ्यांच्या पाळकीणबाई, ती साक्ष मुलांच्या भाषेत सांगायच्या. बाईंच्या तोंडी गोष्ट दरवर्षी थोडी थोडी फुगत गेली. विहीर खोल झाली, ऊन कडक झालं, नवरा गुडघ्यांवर पडून रडला. तो रडला नव्हता, त्याला उलटी झाली होती. पण एवढ्या तेवढ्यावरून बाईंना कुठे टोकायचं?

आता काय झालं ते ऐका. पाहुणे येण्याच्या आधीपासून स्वयंपाकघरातल्या बरणीतल्या लवंगा कमी व्हायला लागल्या होत्या. स्वयंपाकिणीला पाहुण्यांचे चेहरे लक्षात राहणार नाहीत, पण बरणीतली लवंग कुठवर आहे ते झोपेतही सांगेल. मग नवऱ्याच्या तोंडाला लवंगेचा वास यायला लागला. दाढ दुखते म्हणाला. कुठली विचारलं तर एक दिवस डावीकडची दाखवली, दुसऱ्या दिवशी उजवीकडची. मावशीने मनाची समजूत घातली की दोन्ही दुखत असतील. आणि परवा बस आत घेताना त्याने ती फाटकाच्या खांबाला घासली. मुलं आधी किंचाळली, मग हसली. "फाटकच अरुंद आहे," तो म्हणाला. इतकी वर्षं त्याच फाटकातून तो ती बस लोण्यातून सुरी काढावी तशी काढत आला होता.

बादली तशीच ठेवून मावशी खोलीवर आली. नवरा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. सासूबाई खिडकीपाशी त्याच्या सदऱ्याला बटण लावत बसल्या होत्या, उपासनेला घालायचा म्हणून.

"बघून झालं ऑईल?"

"झालं."

"तोंड इकडे कर."

"दाढ ठणकतेय गं."

मावशी वाकली. वर लवंग होती आणि लवंगेच्या खाली दुसरा वास होता. त्या वासाशी तिची जुनी ओळख होती.

"कधीपासून?"

"हळू बोल," सासूबाईंनी दोरा दातांनी तोडला. "पलीकडे माळी आहे."

"माळीबुवांना ऐकू येत नाही, आई."

"नको ते बरोब्बर येतं त्याला."

नवरा उठून बसला. डोळे लाल, पण आवाज लहान मुलासारखा. "थोडीशीच घेतो गं. नाही घेतली की हात थरथरतात. घेतली की स्टिअरिंग सरळ राहतं. त्या पोरांसाठीच घेतो असं समज."

"पोरांसाठी! वा! उद्या घाट आहे, ठाऊक आहे ना? बाईंना सांग बरं वाटत नाही, गाडी नेणार नाही म्हणून."

"सांगतो की. मग बाई डॉक्टरांना पाठवतील. डॉक्टर तोंडात बॅटरी मारून बघतील. त्यांना काय दाखवू? दाढ?"

मिशनचा नियम कोणाला माहीत नव्हता? आवारात कोणी पिऊन सापडलं की त्याच दिवशी आवाराबाहेर. आधीच्या पहारेकऱ्याची वळकटी फाटकाबाहेर ठेवलेली तिने पाहिली होती. त्याची बायको त्या वळकटीवर बसून येणाऱ्या जाणाऱ्याकडे बघून ओळखीचं हसत होती. ते हसणं मावशीच्या डोळ्यांपुढून कधी गेलं नव्हतं.

"देवाने झाकलंय ते तू कशाला उघडतेस?" सासूबाई म्हणाल्या. "या वयात मला रस्त्यावर बसवशील?"

"देवाने नाही झाकलं, आई. लवंगांनी झाकलंय."

बाहेर येऊन ती गॅरेजच्या भिंतीला टेकली. शिट्टी अडकलेल्या कुकरसारखं झालं होतं तिला. बोलावं तर घर जातं, सासू जाते, चूल जाते. न बोलावं तर उद्या ती अंगठे वर करणारी सगळी पोरं त्या माणसाच्या हाती. आणि मधे ही साक्ष. प्रभूच्या घरात, त्याच्या वेदीपुढे उभं राहून "पुन्हा थेंबाला शिवला नाही" असं कुठल्या जिभेने म्हणायचं? तिने डोळे मिटून प्रार्थना सुरू केली, पण चौथ्या शब्दाला घाट आठवला आणि पुढचे शब्द मिळेनात.

मग ती पाळकीणबाईंकडे गेली. पाळकसाहेब मोठ्या सभेसाठी दुसऱ्या शहरी गेले होते, त्यामुळे सगळा भार बाईंवर. त्या देवळात पडद्यांना टाचण्या लावत होत्या. निम्म्या टाचण्या दातांत धरलेल्या.

"बाई, यंदा साक्ष नको."

"घसा बसलाय का? आलं चघळा."

"घसा ठीक आहे. साक्षच नको म्हणते मी."

"मावशी, अहो त्या मुलांचे उंच सर तुमच्या साक्षीसाठी पुन्हा पुन्हा येतात. आणि तुम्ही आजच्या दिवशी रुसता?"

"रुसत नाही हो. यांचं पुन्हा—"

बाईंनी हात वर केला. दातांतल्या टाचण्या एकेक करून काढून पडद्यात खोचल्या. सगळ्या खोचून होईपर्यंत त्यांनी मावशीकडे पाहिलं नाही. "आज नाही, मावशी. साहेब आले की काय ते सांगा. आज नाही." मावशी उभीच राहिली, तशी बाई दुसऱ्या खिडकीकडे गेल्या.

दुपारी देऊळ भरलं. पुढच्या बाकांवर मुलं आणि त्यांचे उंच सर. मागे गायनमंडळातल्या बायका, माळीबुवा, सासूबाई. नवरा धुतलेल्या सदऱ्यात दाराशी उभा, कारण साक्ष संपली की त्याला पुढे बोलवायची रीत होती. गाणी झाली, मुलांनी आपापले अनुभव सांगितले, आणि बाईंनी मावशीला खूण केली.

मावशी वेदीपुढच्या पायरीवर चढली. एक वाक्य ती बोलणार, एक बाई मुलांच्या भाषेत सांगणार, अशी पद्धत. वेणीवाली पहिल्या बाकावर पुढे वाकून बसली होती, गुडघ्यांवर हात घट्ट गुंफून.

"माझ्या नवऱ्याने बाटली विहिरीत टाकली, हे खरं आहे," मावशी म्हणाली.

बाईंनी सांगितलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

"देवाने त्याला पुष्कळ वर्षं सांभाळलं, हेही खरं आहे."

बाईंनी सांगितलं. पुन्हा टाळ्या.

मावशीने पायरीवरच्या सतरंजीकडे पाहिलं. पुढचं वाक्य पाठ नव्हतं. "पण तो आता पुन्हा प्यायला लागलाय."

मागच्या बाकांवर कोणाचं तरी गाण्याचं पुस्तक खाली पडलं. सासूबाईंनी मान इतकी खाली घातली की त्या बाकाआड दिसेनाशा झाल्या. बाई गोड आवाजात बोलू लागल्या आणि पुष्कळ बोलल्या. मावशीचं वाक्य केवढंसं, बाईंचं उतरंडीसारखं चढतच गेलं. शेवटी "हालेलुया" आलं. तो शब्द मावशीला कळला. मुलं उठून उभी राहिली आणि टाळ्यांनी देऊळ दणाणलं.

मावशीला आधी वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. मग लक्षात आलं. विहिरीपाशी मुलं कुठे श्वास रोखतात, नवरा रडला म्हटलं की कुठे डोळे पुसतात, हे तिला इतक्या वर्षांनी पाठ होतं. मुलं बरोबर त्याच जागी डोळे पुसत होती. बाई नेहमीचीच साक्ष सांगत होत्या.

"बाई, मी काय म्हणाले ते सांगा ना," ती हळूच म्हणाली.

"सांगतेय," बाई हसऱ्या चेहऱ्याने म्हणाल्या.

"उद्या याच्या हातात तुमची गाडी द्यायला मला भीती वाटते," मावशी मुलांकडे बघत मोठ्याने म्हणाली.

बाईंनी तेही सांगितलं, म्हणजे काय सांगितलं कोण जाणे. मुलं आणखी जोरात टाळ्या वाजवू लागली. बाईंनी हात लांब करून नवऱ्याला बोलावलं. त्याने सगळं ऐकलं होतं. पण सगळं देऊळ वळून त्याच्याकडे बघत होतं, एक मुलगा त्याच्या पाठीवर थोपटत होता, जाणार कुठे बिचारा? तो मधल्या वाटेने आला आणि पायरीवर तिच्या शेजारी उभा राहिला. रीतीप्रमाणे तिचा हात हातात घेतला. त्याचा हात पाण्यातून काढलेल्या मासळीसारखा तडफडत होता. समोर सगळे फोन वर झाले.

"खाली जाऊ दे मला," तो ओठ न हलवता म्हणाला.

"मलाही," ती म्हणाली.

फोटो काढून होईपर्यंत दोघं तसेच उभे राहिले.

उपासना सुटल्यावर बाईंनी तिला देवळामागच्या सामानाच्या खोलीत ओढलं आणि दार लावलं. त्यांचे डोळे भरले होते. त्या वाईट बाई नव्हत्या, हे इथेच सांगितलेलं बरं. मावशीला टायफॉईड झाला तेव्हा त्यांनी स्वतः तिचं अंग पुसलं होतं.

"काय केलंत हे, मावशी? मी सावरलं म्हणून. तुमचंच घर वाचवलं मी."

"वाचवलंत, बाई. पण गाडीचं काय?"

"सकाळपर्यंत उतरलेली असेल. आपण दोघी आता प्रार्थना करू."

"प्रार्थना मीही करते. रोज रात्री गॅस बंद केला की मगच करते."

बाई खोक्यावर बसल्या. "दुसरा ड्रायव्हर आता कुठून आणू?"

"पुलापलीकडचा दूधगाडीवाला आहे. पूर्वी प्रवाशांची बसच चालवायचा."

"त्याने विचारलं, का म्हणून, तर? देवळातल्यांना मी गप्प राहायला सांगेन, पण त्याला कळलं म्हणजे दुधाबरोबर घरोघर पोचलं. मग साहेबांना कळणार. आणि साहेबांना कळल्यावर माझ्या हातात काही राहणार नाही. नियम सगळ्यांना सारखा, मावशी."

"माहीत आहे," मावशी म्हणाली. तिने दाराची कडी धरली होती. "मला तरी कुठे जायचंय इथून?"

बाईंनी तिला थांबवलंही नाही आणि जा म्हणूनही सांगितलं नाही. मावशीने कडी काढली.

बाहेर वेणीवाली उभी होती, डोळे सुजलेले. तिने फोन पुढे धरला. फोन म्हणाला, "तुम्ही कोणती प्रार्थना केली? मला शब्द सांगा. मी घरी जाऊन वडिलांसाठी तीच प्रार्थना करेन."

मावशीने फोनकडे पाहिलं. गोड बोलून निसटायला एक वाक्य पुरलं असतं. पोर हसत घरी गेली असती. आणि पुढे कधी तिच्या घरातही लवंगांची बरणी रिकामी व्हायला लागली असती तेव्हा?

"बाळ, मघाशी मी बोलले ते तुझ्यापर्यंत पोचलं नाही," मावशी फोनच्या तोंडाशी जाऊन म्हणाली. "माझा नवरा पुन्हा प्यायला लागलाय."

फोन बोलला. मुलीने पडद्यावरचं वाचलं, पुन्हा वाचलं. चेहऱ्यावरचा रंग उतरला. मग फोनने विचारलं, "म्हणजे ते सगळे खोटे होते का?"

"नाही गं. इतकी वर्षं आमच्या घरात कोणी कोणावर हात उगारला नाही, ते खोटं कसं?"

"मग आता तुम्ही काय करणार?"

याचं उत्तर मावशीपाशी असतं तर तिने ते साक्षीतच सांगितलं असतं. "उद्या त्याला गाडीवर बसू द्यायचं नाही," ती सावकाश म्हणाली. "एवढंच ठरलंय. पुढचं काही ठरलं नाही."

"मी आमच्या सरांना सांगू?"

"सांग. पण मी जाऊन येते, मग सांग. तोवर ड्रायव्हर तरी मिळालेला असू दे."

मुलीने मान हलवली. तिला मिठी मारायची असावी, पण ती मारली नाही. नुसती बाजूला होऊन तिने वाट दिली.

खोलीत नवरा खाटेच्या कडेवर बसला होता, अंगात तोच सदरा. बसची किल्ली टेबलावर होती. मावशीने ती उचलली.

"माझ्यापुढे, सगळ्यांपुढे बोललीस," तो म्हणाला.

"हो."

"किल्ली कशाला?"

"देणार आहे दुसऱ्याला. उद्या तू जायचं नाहीस."

तो उठेल, ओरडेल, किल्ली हिसकावेल असं तिला वाटलं होतं. त्याने फक्त दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले, थरथर दिसू नये म्हणून. ते बघणं ओरडण्यापेक्षा जड गेलं.

"आता आपण तिघांनी जायचं कुठे, तेही ठरवलं असशील," खिडकीपासून सासूबाई म्हणाल्या.

"नाही ठरवलं, आई. शेगडीवर चहा आहे, तेवढा गाळून त्याला द्या."

मावशीने चपला घातल्या. दूधगाडीवाला संध्याकाळच्या फेरीला बाहेर पडायच्या आत घरी सापडायला हवा होता. उद्या सकाळी मिशनची बस घाट उतरवून मुलांना विमानतळावर पोचवशील का, हे त्याला विचारायला ती पुलाकडे निघाली.